हात दाखवून अवलक्षण

पुण्यातला पादचारी ओळखायचा असेल तर त्याच्या पायांकडे बघू नये, हाताकडे बघावं. इथे रस्ता ओलांडला जातो तो हातानं. पाय नुसते मागून येतात. ज्या बाजूनं वाहनं येत असतील त्या बाजूचा हात खांद्याइतका वर, तळवा पुढे, आणि नजर मात्र सरळ पलीकडच्या फुटपाथवर. वाहनाकडे बघायचं नाही, हा यातला पहिला नियम. तुम्ही बघितलंत की तुम्हाला गाडी दिसली आहे हे गाडीवाल्याला कळतं, आणि ते कळलं की थांबायची जबाबदारी तुमच्यावर येते. न बघणाऱ्यासाठी मात्र त्याला नाइलाजानं ब्रेक दाबावा लागतो. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ अशी एक योजना महामंडळानं काढली होती. शहरात तीच योजना नागरिकांनी परस्पर राबवली आहे, फक्त समोरचा थांबेलच याची हमी कुणी घेतलेली नाही.

हातांचेही प्रकार आहेत. निवृत्त मुख्याध्यापकांचा हात वर्गातला गोंगाट थांबवायला उठतो तसाच उठतो, आणि खरं सांगायचं तर त्याला अजून मान आहे. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या काकू कोपर वापरतात. ते न जमलं तर ज्या पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावते आहे ती पिशवी गाडीच्या दिशेनं किंचित पुढे धरतात. कॉलेजच्या मुलांच्या हातात मोबाइल असतो, त्यामुळे ती हात दाखवतच नाहीत. ती थेट चालायला लागतात. आणि एक हात असतो बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याचा. तो वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. या हातासाठी कुणीही थांबत नाही. वाहनचालकाला दुसऱ्याच्या मनातली शंका लांबूनही बरोबर कळते. कळत नाही ती फक्त स्वतःच्या उजव्या बाजूनं येणाऱ्या म्हातारीची घाई.

एकट्यानं जायचं नसेल तर दुसरी पद्धत आडोशाची. अलका टॉकीजच्या चौकात (पाटीवर तो टिळक चौक आहे, पण पाटी वाचायला मान वर करावी लागते आणि ते परवडत नाही) लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल असे सगळे एकमेकांना भेटतात. तिथे माणसं आधी साठू देतात. सहा-सात जण झाले की कुणीही न सांगता घोळका सुटतो. या घोळक्यात जाणकार माणूस नेहमी डावीकडे राहतो, कारण आपल्याकडे पहिल्यांदा गाड्या उजवीकडून येतात. आपल्या आणि गाड्यांच्या मध्ये किमान एक माणूस असावा, शक्यतो रुंद. खरी गंमत दुभाजकाशी होते. तिथून पुढे गाड्या डावीकडून येतात. म्हणजे इतका वेळ आडोशाला असलेला जाणकार एकदम सगळ्यात पुढे उघडा पडतो. मग त्या दीड फुटाच्या दुभाजकावर, एक शब्दही न बोलता, सगळे जण जागा बदलतात. ‘आधी तुम्ही’, ‘छे छे, आधी तुम्ही’ असं सौजन्य या शहरात दुसरीकडे कुठेही बघायला मिळायचं नाही.

कायदा पाहाल तर यातलं काहीच करायची गरज नाही. वाहनं कशी चालवावीत याची केंद्र सरकारची २०१७ ची नियमावली सांगते की झेब्रा पट्ट्यांशी आल्यावर चालकानं वेग कमी करावा, लागलं तर थांबावं आणि पायी जाणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. झेब्राच्या अलीकडे एक जाड पांढरी आडवी रेघ असते, गाडी तिच्या मागे उभी करायची. प्रत्यक्षात त्या रेघेच्या मागे उभं राहिलं तर मागचा हॉर्न वाजवतो, कारण पुढे दोन मीटर जागा रिकामी आहे आणि पुणेकराला रिकामी जागा सहन होत नाही. त्यामुळे स्कूटर झेब्रावर, रिक्षा झेब्राच्या पुढे, आणि पादचारी त्यांना वळसा घालून जवळजवळ चौकाच्या मध्यावरून. सिग्नल सुटायला अजून चाळीस सेकंद असतात आणि पुढची चाकं इंचाइंचानं सरकत असतात. चाळीस सेकंदांत दीड फूट पुढे गेल्यानं नेमकं कुठे लवकर पोचतात, हे मी एकदा एका गृहस्थांना विचारलं होतं. “तुम्ही पायी आहात, तुम्हाला नाही कळायचं,” असं उत्तर मिळालं.

सिग्नल बसवणारे अभियंते हिशोबी असतात. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं ते धरतात. म्हणजे २४ मीटरचा रस्ता वीस सेकंदांत पार. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी सेकंदाला पाऊण मीटर चालतात, त्यांना बत्तीस सेकंद लागणार. आता समजा सिग्नलनं पंधरा सेकंद दिले, आणि देतात तेवढेच, तर हिरवा संपतो तेव्हा आजी अकराव्या मीटरवर असतात. दुभाजक बाराव्या मीटरवर आहे. त्या एका मीटरमध्ये आजींना जेवढे देव आठवतात तेवढे अख्ख्या चातुर्मासात आठवत नसतील. आणि सिग्नलमधला तो हिरवा माणूस तुम्ही नीट बघितला आहे का? सुरुवातीला तो रमतगमत चालतो आणि शेवटच्या काही सेकंदांत चक्क पळत सुटतो. त्याला आतली माहिती आहे.

मुंबईत २०२० मध्ये दादर-शिवाजी पार्क भागातल्या सिग्नलवर या माणसाच्या जोडीला बाईची आकृती आली. झग्यातली. स्वागतार्हच गोष्ट आहे. ताटकळत उभं राहण्यात समानता आली. त्या बाई पळतात की नाही हे मात्र तिकडच्या लोकांनीच सांगावं.

यातला विरोधाभास असा की जगातला पहिला सिग्नल मोटारींसाठी नव्हताच. १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटसमोर तो लावला तेव्हा मोटार जन्माला यायची होती. घोडागाड्यांच्या गर्दीतून खासदारांना आणि इतर चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून एका रेल्वे अभियंत्यानं तो रचला. गॅसवर चालायचा. महिन्याभरात त्याचा स्फोट झाला आणि खाली उभा असलेला पोलीस भाजला. चालणाऱ्यासाठी केलेली सोय चालणाऱ्याच्या उपयोगी पडण्याआधी पोलिसाच्या अंगाशी येते, ही परंपरा तेव्हापासूनची म्हणायची.

आपल्याकडे चौक सुरक्षित करायचं ठरलं की पहिला विचार येतो तो पादचाऱ्याला तिथून हलवण्याचा. त्याला वर चढवा, खाली उतरवा, नाहीतर लोखंडी कठडे लावून पन्नास पावलं पुढे पाठवा. रस्त्यावरून जाणाऱ्या उंच ट्रकसाठी पादचारी पुलाखाली साडेपाच मीटर जागा सोडावी लागते, म्हणजे चालणाऱ्यानं चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. ज्याच्या बुडाखाली इंजिन आहे तो सपाटीवरून जाणार आणि ज्याच्याकडे फक्त गुडघे आहेत तो गड चढणार. मुंबईत २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग गावोगावच्या स्टेशनांबाहेर ते उगवले. त्यांचा सर्वाधिक उपयोग पावसात खाली उभं राहायला झाला. भुयारी मार्गाबद्दल मी बोलत नाही. त्याबद्दल नाकच जास्त नेमकं सांगू शकेल.

फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून टोकाला खांब रोवतात, त्यांचीही तीच कथा. दुचाकीवाला त्यातून आरसे वाचवत बरोबर जातो. अडते ती व्हीलचेअर. मुंबईच्या अशा खांबांची उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली.

हसण्यावारी नेण्याजोगं यात फार नाही. २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे फुटपाथवर लावलेली गाडी ही आता घटनात्मक बाब झाली आहे. आमच्या गल्लीतल्या गाडीमालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “दोनच मिनिटं हो, काका.”

खरं दुखणं चौकाच्या मध्यात नसतंच, ते कोपऱ्यात असतं. फ्री लेफ्ट. फुकट मिळतं म्हटल्यावर माणूस ते घेतोच, आणि वेगानं घेतो. डावीकडचा कोपरा आपण इतका गोल, इतका गुळगुळीत करून ठेवतो की गाडीला ब्रेक लावायचं कारणच उरत नाही. सरळ जाणाऱ्यांचा सिग्नल लाल असताना पादचारी निर्धास्त निघतो आणि त्याच वेळी डावीकडे वळणारा, उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवत, म्हणजे पादचाऱ्याच्या नेमकी उलट बाजूला बघत, वळतो. दोघांचीही काही चूक नाही असं दोघंही नंतर सांगतात. कोपरा जरा टोकदार केला, फुटपाथ तिथे थोडा पुढे आणला आणि झेब्रा फुटपाथच्या उंचीला उचलला, तर गाडी आपोआप हळू होते. गाडीवाला सज्जन होत नाही. त्याच्या गाडीचा तळ घासायची भीती असते. सज्जनपणापेक्षा ही भीती रस्त्यावर जास्त टिकते असा माझा अनुभव आहे.

सायकलवाल्याचा प्रश्न आणखी वेगळा. पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे वाक्य पुण्यात दर दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, आणि म्हणणारा बहुतेक वेळा गाडीत असतो. २०१८ मध्ये तर इथली नोंदणी झालेली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी आली होती. सायकलींसाठी काही केलं नाही असं मात्र नाही. डिसेंबर २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग इथे झाला, त्याच्या कडेनं सायकल ट्रॅक आले. २०१७ मध्ये महापालिकेनं सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास पिवळ्या, नारिंगी भाड्याच्या सायकली आल्या. काही दिवसांनी त्यातल्या काही नाल्यात, काही झाडावर दिसल्या. झाडावर सायकल चढवायला जेवढे कष्ट पडतात तेवढ्या कष्टात माणूस ती चालवत कात्रजला जाऊन येईल. पण नाही.

सायकल ट्रॅकची एक खासियत आहे. तो सरळ रस्त्यावर असतो, जिथे त्याची फारशी गरज नसते, आणि चौक आला की संपतो. लाल पेव्हर ब्लॉक, त्यावर रंगवलेली सायकल, मध्ये एक विजेचा डीपी, डीपीला टेकून चहाची टपरी, टपरीपुढे उभी असलेली मोटार, असं करत करत ट्रॅक चौकापर्यंत येतो आणि एका उंच काठावरून थेट बसच्या पुढ्यात सोडून देतो. इथपर्यंत आणलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. रविवारी सकाळी हेल्मेट आणि तंग कपडे घालून सिंहगडाकडे निघालेल्यांचं यानं फारसं बिघडत नाही. त्यांच्या वेळेला सिग्नलही झोपेत असतात. बिघडतं ते रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाचं आणि सकाळच्या पाववाल्याचं.

आमच्याकडच्या चौकात एक पाववाला बघण्यासारखा आहे. मागे कॅरियरवर त्याच्या डोक्याएवढा उंच निळा प्लास्टिकचा क्रेट, त्यावर गोणपाट, हँडलला दोन पिशव्या. चौकाच्या वीस पावलं आधी तो पॅडल मारणं थांबवतो आणि सिग्नलकडे न बघता बसकडे बघतो. बस उजवीकडे वळणार असेल तर तो तिच्या डाव्या अंगाला, तिच्याच वेगानं, तिच्या सावलीतून चौक पार करतो. बस नसेल तर खाली उतरतो आणि झेब्रावरून सायकल ढकलत जातो. उतरला की पादचारी, चढला की वाहन. दोन्ही जातींत कनिष्ठ असण्याचा अनुभव एकाच चौकात घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा एका मोटारवाल्यानं काच खाली करून त्याला दम दिला, “ए, सिग्नल कळतो का?” पाववाला शांतपणे म्हणाला, “कळतो ना साहेब. तो तुमच्यासाठी आहे.”

डच लोकांची आपल्याकडे फार उदाहरणं देतात, जणू ते पाळण्यातूनच सायकलवर उतरतात. तसं नव्हतं. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर चारशेहून अधिक लहान मुलं दगावली, तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले, मोर्चे काढले, रस्ते अडवले. मग हळूहळू चौक बदलले. त्यांच्या चौकाच्या चारही कोपऱ्यांत छोटं दगडी बेट असतं. गाडीला त्याला वळसा घालून हळूच वळावं लागतं आणि तोवर सायकलवाला तिच्या समोर, तिला दिसेल असा आलेला असतो. ग्रोनिंगन नावाच्या गावात तर काही सिग्नलवर चारही बाजूंच्या सायकलींना एकदम हिरवा मिळतो. सगळे एकाच वेळी सगळीकडे निघतात, तिरकेसुद्धा, आणि कुणी कुणावर आपटत नाही. परदेशी लोक उभे राहून याचे व्हिडिओ काढतात. दांडेकर पुलाच्या चौकात हे रोज चालतं, तेही हिरव्याची वाट न बघता. व्हिडिओ काढायला तिथे उभं राहायला जागा नाही एवढंच.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहराशी पुण्याची जुनी मैत्री आहे, म्हणून औंधला एक ब्रेमेन चौक आहे. त्या ब्रेमेनमध्ये लोक सुमारे पाव प्रवास सायकलवरून करतात. आमच्या ब्रेमेन चौकातून सायकलवरून जाताना मैत्रीची आठवण येते, पण ती मृत्युपत्र करायला राहिलं या विचाराच्या पाठोपाठ.

कोलंबियातल्या बोगोटा शहराच्या महापौरांनी, अंतानास मॉकस त्यांचं नाव, १९९५ च्या सुमारास चौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. तोंडाला पांढरा रंग लावलेला हा माणूस झेब्रावर उभ्या गाडीवाल्याची नुसती नक्कल करायचा आणि लाजेनं गाडी मागे जायची. पुण्यात हा प्रयोग मी मनातल्या मनात करून पाहिला आहे. पहिल्याच स्कूटरवरचे काका त्या कलाकाराला विचारतील, “आपण कोण? कुणी नेमलं? पत्र दाखवा.” आणि तो बिचारा मुका.

काही बरंही झालं आहे, ते सांगायला हवं. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, बाकं आली, म्हातारे-कोतारे तिथे खरोखर बसतात. महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं आणि २०२१ पासून दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. बैलांना पोळा, नागांना पंचमी, चालणाऱ्यांना ११ डिसेंबर. त्या दिवशी गाणी असतात, रांगोळ्या असतात, नेते भाषण करतात आणि परत जायला गाडीत बसतात.

तसा चालणाऱ्यांचा खरा दिवस अनंत चतुर्दशीचा. त्या दिवशी अलका चौकात लाखो माणसं पायी असतात, तीस-तीस तास मिरवणूक चालते, लहान पोरं बापाच्या खांद्यावर असतात, आणि ढोलानं कान जातील, पण गाडीखाली कुणी जात नाही. हेल्मेट, शिट्टी, जनजागृती सप्ताह, ‘अति घाई संकटात नेई’ची पाटी, यातलं काहीही लागत नाही. त्या चौकातलं सगळ्यात वेगवान वाहन देवाचा रथ असतं आणि त्याचा वेग तासाला काही पावलं.

मध्यंतरी आमच्या जवळच्या एका चौकात काही तरुण मुलामुलींनी परवानगी काढून एका रविवारी प्रयोग केला. फ्री लेफ्टचा कोपरा नारिंगी शंकू मांडून आत घेतला, रस्त्यावर रंगीत गोल काढले, झेब्रा नव्यानं रंगवला. शंकू काय, फूट-दीड फुटाचे, पोकळ प्लास्टिकचे. लाथ मारली तर उडतील. पण गाड्या त्यांच्यापाशी येऊन हळू व्हायच्या, वळसा घेऊन सावकाश वळायच्या. एक आजी दोनदा पलीकडे जाऊन आल्या. काही आणायचं नव्हतं; बघायला गेले होते म्हणाल्या. वाहतूक पोलीस मामा सावलीत उभे राहून पहिल्यांदाच चहा गरम असताना पीत होते. एका गृहस्थांनी ‘इथे काय चाललंय’ म्हणून गाडी थांबवली आणि माहिती घेतली, मग मागच्या रांगेनंही हॉर्न वाजवून माहिती घेतली.

सोमवारी संध्याकाळपर्यंत शंकू गेले होते. रंगीत गोलांवरून रिक्षा नेहमीच्या वेगानं वळत होत्या. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एक शंकू सोसायटीच्या फाटकात होता, ‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीच्या मदतीला. एक ड्रेनेजच्या उघड्या झाकणात उलटा खोचलेला होता. उरलेले तीन मिठाईच्या दुकानापुढे ओळीनं मांडले होते, मालकांची स्वतःची गाडी येईपर्यंत जागा राखायला.

“हे चौकातले ना हो?” मी विचारलं.

“असतील,” पेढ्यांच्या खोक्याला दोरा बांधत मालक म्हणाले. “पण काय वस्तू आहे, साहेब! माणूस उभा केला तर कुणी जुमानत नाही, आणि ह्याला बघून गाडी लांबूनच वळते. आणखी पाच-सहा कुठे मिळतील?”